तांब्याचं भांडं करपलं, काळं पडलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेतल्या आमच्या घरी गणपतीच्या आधी आठ दिवस माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात, आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. "काकू, बासुंदीचं पातेलं लागलं." "काकू, पाणी तापवायचा बंब काळाठिक्कर पडलाय." "काकू, कामवालीनं तारेच्या जून्यानं, म्हणजे घासणीनं, घासलं, आता आतून लाल दिसतंय." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि घरात आजेसासूबाईंपासूनची भांडी आहेत, एवढ्या दोन पात्रतांवर सगळं इंदूर मलाच विचारतं. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदा लिहून काढली.

आजवर माझ्यापुढे आलेल्या बिघडलेल्या भांड्यांपैकी फार थोडी जळून बिघडली होती. बाकीची नंतर घाबरून, घाईघाईत घासताना बिघडली.

भांडं करपलं हे लक्षात आल्यावर आधी काय करायचं?

गॅस बंद करा आणि भांडं लाकडी पाटावर ठेवून द्या. बस. नळाखाली धरू नका. तापलेल्या तांब्यावर गार पाणी पडलं की बूड फुगतं, आणि मग ते पातेलं आयुष्यभर शेगडीवर डुगडुगतं. निवल्यावर दोन गोष्टी बघा: काळं बाहेरून आहे की आतून, आणि आत कल्हई, म्हणजे कथिलाचा पातळ थर, आहे की नाही. पुढचं सगळं या दोन उत्तरांवर ठरतं.

कल्हई आहे की नाही, हे कसं ओळखू?

आतून भांडं पांढुरकं, चांदीसारखं पण जरा मंद दिसत असेल तर कल्हई आहे. स्टीलसारखी चकाकी तिला नसते, आणि जवळून पाहिलं तर कापसाच्या बोळ्याने पुसल्याचे गोल फराटे दिसतात. आतून तांबूस दिसलं तर ती कधी नव्हतीच, किंवा गेली आहे.

जुनी कल्हई वापरून वापरून करडी, काळसर होते. ती खराब झाली असं समजून लोक घासत बसतात आणि चांगली कल्हई घालवतात. करडी असू द्या. लाल दिसायला लागली, तरच काळजी करायची.

काळं ते काळं, त्यात काय बघायचं?

इथेच सगळे चुकतात. तांब्याच्या भांड्यावर तीन प्रकारचं काळं असतं.

पहिली काजळी. ज्योत पिवळी असेल, बर्नर चोंदला असेल किंवा चूल असेल, तर बाहेरून बसते. बोटाला लागते. गरम पाणी आणि साबणाने जाते, तिला चिंच लागत नाही.

दुसरं काळं हे खुद्द तांब्याचंच. तांबं तापलं की हवेतला प्राणवायू घेऊन त्याचं ऑक्साइड होतं. आधी तपकिरी-लालसर, मग काळं. बोटाला लागत नाही, नखाने निघत नाही, साबणाला दाद देत नाही. पण आंबट आणि मीठ लागलं की डोळ्यांदेखत विरघळतं. आम्ल ऑक्साइडला फोडतं आणि मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला पाण्यात धरून ठेवतो, म्हणून नुसत्या लिंबापेक्षा लिंबू-मीठ जास्त काम करतं.

तिसरं म्हणजे करपलेलं अन्न. दूध, डाळ, साखर, तूप यांचा कोळसा. याला चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही करत नाही. तास तास लोक चिंच चोळत बसतात, आजूबाजूचं तांबं लखलखतं आणि डाग तिथेच हसत असतो. त्याला हवा सोडा आणि कढत पाणी. सोडा चिकटलेल्या स्निग्धाचा साबण करतो, दुधातली प्रथिनं सैल करतो, आणि खपली बुडापासून सुटते.

म्हणून क्रम हा: आधी साबण, मग सोडा, शेवटी आंबट.

कल्हईच्या पातेल्यात दूध लागलंय. नेमकं कसं काढू?

वर वर असेल ती खरवड लाकडी चमच्याने काढून घ्या. तांबूस असेल तर ती खायची असते, आमच्याकडे तिच्यावरून भांडणं व्हायची. काळी असेल ती टाका.

मग डाग बुडून वर दोन बोटं राहील एवढं पाणी घाला. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा खाण्याचा सोडा. मंद आचेवर ठेवा, बारीक बुडबुडे येत राहतील इतपतच, दहा-पंधरा मिनिटं. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी लाकडी उलथन्याने ढकललं की पापुद्रे सुटतात. राहिलेल्यासाठी तेच पुन्हा करा. मी एका पातेल्याला तीन रात्री दिल्या आहेत. गौरीच्या नैवेद्याची खीर होती, अडीच लिटर दुधाची, आणि बूड असं कोळसा झालेलं की सून भंगारात द्यायला निघाली होती. ते पातेलं आजही वापरात आहे.

धुण्याचा सोडा इथे नको. कास्टिक सोडा तर मुळीच नको, कारण कथील तीव्र अल्कलीत विरघळतं. तारेचा जूना, राख, वीटभुकटी, स्टीलचा चमचा यांपैकी काहीही कल्हईला लावायचं नाही. नारळाची शेंडी किंवा मऊ कापड.

कल्हई नसलेल्या कढईत साखरेचा पाक जळला. तेच करू का?

पाक नुसता घट्ट झाला असेल तर पाणी घालून उकळा, साखर आपोआप विरघळेल, घासायचं कामच नाही. पार कोळसा झाला असेल तर सोडा. इथे कल्हई नाही, त्यामुळे धुण्याचा सोडा चालतो: लिटरला दोन छोटे चमचे, पंधरा मिनिटं उकळा. त्यानंतर तांबं काळपट-तपकिरी दिसेल, घाबरू नका, ते दुसऱ्या प्रकारचं काळं आहे, चिंचेने जाईल.

सोडा आणि लिंबू एकत्र घातलं की छान फेस येतो, ते करू?

फेस छान येतो, एवढंच. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, कर्ब वायू उडून जातो आणि भांड्यात उरतं ते जवळजवळ खारं पाणी. मोबाइलवरच्या व्हिडिओत तो फेस फार दिसतो. वेगवेगळं वापरा, मध्ये भांडं धुऊन.

बाहेरच्या काळ्याला सगळ्यांत चांगलं काय?

घरात जे आंबट उरलं असेल ते. मी ठामपणे सांगते, यासाठी विकत काही आणायची गरज नाही.

चिंच सगळ्यांत सोयीची, कारण ती चिकटून राहते. लिंबाएवढा गोळा वाटीभर गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, कोळा काढा, चमचाभर जाडं मीठ घाला आणि शेंडीने गोल गोल फिरवा. जोर लावायचा नाही. दोन मिनिटांत रंग पालटला नाही तर समजा वर तेलकट थर आहे, आणि साबणाची पायरी तुम्ही चुकवली आहे. हे माझं निदान सहसा बरोबर निघतं.

इंदुरात लिंबाची सालं हवी तेवढी. रविवारी पोहे झाले की पिळलेल्या फोडी फेकू नका, मिठात बुडवून तांब्यावर घासा. श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली निथळलेलं पाणी जमतं, ते तर उत्तम: मीठ घालून भांडं त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, आधीच आंबट झालेलं असतं, घासायला फारसं लागतच नाही. आंबट ताक, आमसुलाचं पाणी, व्हिनेगर, सगळं चालतं. टोमॅटो सॉसही चालतो, कारण त्यात व्हिनेगर आणि मीठ दोन्ही असतं. नातीने तो करून दाखवला तेव्हा मी आधी ओरडले आणि मग गप्प बसले. पितांबरी ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती बाहेरून वापरावी. कल्हईला कुठलीही पावडर लावू नये.

चोळून झालं की लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच पुसा. लगेच हा शब्द दोनदा मुद्दाम लिहिला आहे. आंबटाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवे ठिपके येतात, आणि बोरिंगचं पाणी वाळू दिलं तर पांढरे. हाताला चिरा असतील तर मोजे घाला, मीठ-लिंबू फार झोंबतं.

घासल्यावर भांडं गुलाबी दिसतंय. काही बिघडलं का?

तांब्याचं असेल तर नाही. तो तांब्याचा खरा रंग, दोन-चार दिवसांत हवेने मंद होईल. पितळेचं असेल तर मात्र जपा. पितळेत तांबं आणि जस्त असतं, आणि आंबटात फार वेळ ठेवलं तर जस्त आधी निघून जातं, मागे तांब्याचा गुलाबी थर राहतो. म्हणून पितळ बुडवून ठेवायचं नाही, चोळायचं आणि धुवायचं. तांब्याची भांडी काढलेल्या चिंचपाण्यात पितळेचं भांडं टाकायचं नाही, हेही त्यातच आलं.

रिकामं भांडं गॅसवर राहिलं. आत चांदीसारखे थेंब जमलेत. हे काय?

ती तुमची कल्हई. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी आहे तोवर बूड शंभराच्या आसपास राहतं, पाणी आटलं की काही मिनिटांतच 232 ओलांडतं. तांबं स्वतः वितळायला 1085 अंश लागतात, त्यामुळे भांड्याला काही होत नाही, फक्त आतला थर ओघळून एका बाजूला गोळा होतो.

हे मी स्वतः केलेलं आहे. धुतलेलं पातेलं "जरा वाळू दे" म्हणून गॅसवर ठेवलं, पुण्याहून बहिणीचा फोन आला. बहिणीचा फोन पाच मिनिटांत कधी संपतो? परत आले तेव्हा आत पारा सांडल्यासारखं दिसत होतं. अशा वेळी हलवू नका, पुसू नका, वितळलेलं कथील अंगावर उडालं तर भाजतं. गॅस बंद करून निवू द्या. पुन्हा कल्हई करावी लागेल, दुसरा इलाज नाही.

याचमुळे कल्हईच्या भांड्यात धूर निघेपर्यंत तेल तापवून फोडणी करायची नाही. फोडणी लोखंडी पळीत, वरून ओता. आणि आच मोठी नको. तांबं स्टीलच्या साधारण पंचवीसपट उष्णता वाहून नेतं, मंद आचेवरही सगळं बूड सारखं तापतं. आपल्याकडची अर्धी करपाकरपी स्टीलच्या सवयीची आच तांब्याखाली लावल्याने होते.

कल्हई कुठे करून मिळेल? ती नीट झाली हे कसं कळेल?

पूर्वी कल्हईवाला भाता घेऊन गल्लीत यायचा आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसायचो. आता राजवाड्याजवळ बर्तन बाजारात जाऊन विचारावं लागतं. "कल्हई" म्हणालात तरी कळतं, "कलई" म्हणालात तर पटकन कळतं.

शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या. भांडं आधी स्वच्छ करतात, निखाऱ्यावर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, तेव्हा तो नाकात जाणारा पांढरा धूर निघतो. नवसागर तांब्यावरचं ऑक्साइड खाऊन टाकतो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कथिलाची कांडी टेकवायची, ती वितळली की कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची आणि भांडं पाण्यात बुडवायचं. पाहण्यासारखं काम आहे, पण धुरापासून लांब उभे राहा.

एकच गोष्ट खडसावून विचारा: कथील शुद्ध आहे ना? स्वस्तात करण्यासाठी त्यात शिसं मिसळलेलं असेल तर ते अन्नात उतरतं, आणि शिसं लहान मुलांना विशेष घातक. भाव कमी सांगितला म्हणून आनंदी होऊ नका. थर सगळीकडे सारखा हवा, काठाच्या वळचणीत आणि कानांच्या रिबिटांपाशी लाल राहिलेलं नको. पुन्हा केव्हा करायची याला ठरावीक मुदत नाही. आत रुपयाच्या नाण्याएवढं लाल दिसलं की मी घेऊन जाते.

हिरवं आलंय. भांडं विषारी झालं का?

हिरवं म्हणजे जंगाल, तांब्याचे क्षार. ते पोटात जाऊ देऊ नये, मळमळतं, उलट्या होतात. पण भांडं वाया गेलेलं नाही. चिंच-मिठाने पूर्ण काढा, साबणाने धुवा, पुसा.

आपल्या बायकांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, म्हणून तर "ताक कळकलं", म्हणजे भांड्याच्या धातूने बिघडलं, असा शब्द आहे. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, दही, आमटी, कढी, लोणचं ठेवायचं नाही, काळं काढायला घातलेलं आंबटही त्यात तासन्‌तास सोडायचं नाही. साधं पिण्याचं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम धरली आहे. त्याच पाण्यात लिंबू पिळलं की गोष्ट बदलते. ज्यांना विल्सनचा विकार आहे त्यांचं यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही, त्यांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊच नये.

बंब काळा झालाय, आणि आत पांढरा थर आहे.

दोन वेगळी कामं. मधल्या नळकांड्यात काजळी असते, तिथे फक्त लांब दांड्याचा ब्रश, कोरडा. बाहेरून साबण, मग चिंच.

आतला पांढरा थर पाण्यातल्या चुन्याचा. घरात नर्मदेचं पाणी येतं की बोरिंगचं, हे बंबात डोकावून सांगता येतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून आत घाला, बारीक फसफस होईल, अर्ध्या तासाने तोटीतून काढून टाका आणि दोन-तीनदा धुवा. थर जाड असेल तर एका दिवसात सगळा काढायचा हट्ट नको.

आणि पाणी भरल्याशिवाय बंब पेटवायचा नाही. सांध्यांचा डाख सुटतो, आणि गळका बंब नीट करून देणारा माणूस शोधणं हे बंब घासण्यापेक्षा अवघड आहे.

स्टीलचं पातेलं आहे, फक्त तळाला तांबं. त्यालाही हेच?

आंबट-मीठ हेच, पण हलक्या हाताने. बऱ्याच भांड्यांना तो तांब्याचा फक्त मुलामा असतो. राख किंवा जूना लावलात तर महिनाभरात खालून स्टील दिसेल. आतून ते साधं स्टील आहे, तिथे हवं तसं घासा.

ताम्हणावर कापराची काजळी चिकटलीय.

ती तेलकट असते, पाण्याने पसरते. आधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवून कागदाने पुसा, मग साबण, मग चिंच.

संडास साफ करायचं ॲसिड लावलं तर एका मिनिटात होतं म्हणे.

होतं. तांब्याचा थरही जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी काळं आणखी लवकर धरतं. त्यावर कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू निघतो, तोही बंद मोरीत. नको.

बाजारातून मशीनने पॉलिश करून आणू का?

मोठे हंडे, परात, बंब यांना चालेल. पण पॉलिशचं चाक धातू खरवडतंच, दरवेळी थोडा. आधी भांडं उजेडात तिरपं धरून नाव शोधा. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत होती. बारीक ठिपक्यांनी घातलेलं ते नाव दोन पॉलिशमध्ये पुसट होतं, तिसऱ्यात जातं. आमच्या एका कळशीवर आता फक्त "सौ." उरलं आहे. कोणाची, ते सांगणारं घरात कुणी नाही.

वापरलेलं चिंचपाणी कुठे टाकू? झाडांना चालेल?

चालणार नाही. त्यात मीठ आहे आणि विरघळलेलं तांबं आहे. भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, चिंचेचा चोथा निथळून ओल्या कचऱ्यात. तुळशीला तर अजिबात घालू नका. एकीने घातलं होतं, आंबट आहे म्हणून चांगलं असेल असं वाटून, आणि मग तुळस का वाळली म्हणून मलाच फोन केला.